आबांच्या कानातला आवाज

त्या गॅरेजसमोरून जाताना मी आजही हॉर्न दाबून धरते. शटर मागे पडेपर्यंत हात उचलत नाही. शेजारी बसलेले आबा म्हणतात, "सोड की गं आता, लोक बघालेत." बघू देत! बघावं म्हणूनच वाजवते.

आबा म्हणजे माझे वडील. आमच्या घरात मेंढरं आहेत आणि एक जुनी पिकअप आहे. छोटा ट्रकच म्हणा, मागे उघडा हौदा असलेला. पाहुण्यारावळ्यांची शेरडंमेंढरं बार्शीच्या, करकंबच्या बाजाराला न्यायची आणि रिकामी गाडी घेऊन सोलापूरला परत यायचं, हे आबांचं काम. मी माहेरीच राहते. का राहते ते इथं सांगत बसत नाही, त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. आबांनी मला गाडी शिकवली, एवढा संबंध आहे.

येताना गाडी रिकामी असली की आबा खिडकीची काच खाली करायचे, टेप बंद करायचे आणि नुसते ऐकत चालवायचे. जाताना मेंढरांच्या बें-बेंमध्ये काही ऐकू येत नाही. त्यांचं म्हणणं असं की गाडीला काय दुखतंय ते गाडी रिकामी असतानाच कळतं. बेल्ट सैल झालेला, सायलेन्सरचा पट्टा तुटलेला, सगळं त्यांनी असंच कानानं पकडलेलं. गॅरेजवाला काय ते नंतर बघायचा.

तर त्या गॅरेजवाल्याकडे, आम्ही त्याला मिस्त्रीच म्हणायचो, पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड बदलून आणले. त्यानंतर पहिल्याच रिकाम्या फेरीला आबा घरी येऊन म्हणाले, "डाव्या चाकात कायतरी वाजालंय. पॅड बदलल्यापासनं."

दुसऱ्या दिवशी गाडी परत गॅरेजला. मिस्त्री आबांना शेजारी बसवून गाडी घेऊन गल्लीत एक चक्कर मारून आला. ती गल्ली कशी, तर भाजीच्या हातगाड्या, रिक्षा, शाळेची पोरं, मधे बसलेली गाय. उतरून म्हणाला, "काय वाजत न्हाय आबा. बेस हाय गाडी."

आबा पुन्हा गेले. पुन्हा तीच गल्ली, तेच उत्तर. तिसऱ्यांदा गेले तेव्हा गॅरेजात चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते आणि मीही सोबत होते. मिस्त्री हात पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "आबा, आवाज गाडीत न्हाय, तुमच्या कानात हाय. कानाचा डाक्टर बगा एकादा." चौघंही दात काढून हसले. आबासुद्धा कसनुसं हसले. ते हसणं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण आबांनी माझा दंड धरला आणि गाडीत बसवलं.

एवढ्यावर मिटलं असतं तर मीही विसरले असते. पण तो विनोद पार चहाच्या टपरीपर्यंत गेला. आबा दिसले की कुणी काड्यापेटी त्यांच्या कानाजवळ खुळखुळवायचं. कुणी डब्यात नट टाकून हलवायचं. "आबा, हे ऐकू येतंय का?" माणसं रिकामटेकडी असली की त्यांना असा एक म्हातारा पुरतो. उभी हयात गाडी चालवलेला माणूस टपरीवर जायचा बंद झाला. आवाजाबद्दल घरातही बोलायचा बंद झाला.

आणि मग ते झालं. बार्शीला जाताना उतारावर आबांनी ब्रेक दाबला, गाडी एका बाजूला ओढली गेली आणि रस्ता सोडून बाभळीत घुसली. आबांच्या कपाळाला खोक पडली. हौद्यातल्या दोन मेंढ्या दबून मेल्या. मिस्त्रीला फोन केला, तो आला. त्यानं बसल्या जागी पायानं ब्रेक दाबून बघितला, चाक खोललंसुद्धा नाही, आणि जमलेल्या माणसांसमोर निकाल दिला, "ब्रेक टाईट हाय की. आबांचा पायच पडला नसंल ब्रेकवर. आदी कान गेला, आता पाय गेला."

कपाळाला फडकं बांधून बसलेला माझा बाप ते ऐकत होता. मान वर केली नाही त्यानं.

घरी आल्यावर आईनं गाडीची किल्ली आबांच्या खिशातून काढली आणि माझ्या हातात ठेवली. ती रडत होती. आबांनी किल्ली मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. सकाळी उठायचे, गाडी पुसायचे आणि मी निघाले की ओट्यावर बसून मी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. मला एकच पाहिजे होतं. आबा परत त्या सीटवर बसले पाहिजेत. आणि त्या मिस्त्र्याचं नाक ठेचलं पाहिजे. बघा, एक म्हणता म्हणता दोन झाली, पण माझ्या मनात ती वेगळी नव्हतीच.

करकंबहून मेंढरं उतरवून पहिल्यांदा मी एकटी रिकामी गाडी आणली, तेव्हा आबांसारखी काच खाली केली. टेप बंद केला. आणि ऐकलं. खळखळ, खळखळ, डाव्या बाजूला, पुढं. अगदी आबा म्हणायचे तिथं.

जुन्या गाडीत वाजायला शंभर जागा असतात. मी गाडी थांबवून जॅक आणि पाने सीटखालून काढले, गोणपाटात गुंडाळून घट्ट बांधले. तरी वाजतंय. स्टेपनी हलवून बघितली, घट्ट होती. चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपला लाथ घातली, तो ढिम्म. पुन्हा निघाले, तरी वाजतंय. तेवढ्यात रस्त्यात मेंढरांचा एक कळप आडवा आला. गाडी हळू करायला मी ब्रेकवर नुसता पाय टेकवला आणि आवाज गप्प! पाय उचलला, खळखळ. टेकवला, गप्प. उचलला, खळखळ.

त्या क्षणी मला मिस्त्रीची गल्ली आठवली. हातगाड्या, पोरं, गाय. त्या गल्लीत ब्रेकवरून पाय उचलून कुणाला गाडी चालवताच येत नाही. तो प्रत्येक वेळी ब्रेकवर पाय ठेवून आवाज शोधत होता. आणि आबा मोकळ्या रस्त्यावर, पाय बाजूला घेऊन, गाडी घरंगळू देत ऐकत होते. अरे शहाण्या! आवाज तूच दाबून धरला होतास की, स्वतःच्या पायानं!

कडेला सपाट जागा बघून जॅक लावला, चाक काढलं. आत एक लोखंडी चकती असते. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड दाबून ती चकती धरतो. हा चिमटा दोन पिनांवर बसलेला असतो आणि पॅड हलू नयेत म्हणून बारीक पत्र्याच्या क्लिपा असतात. मी कॅलिपर हातानं धरून हलवला. खटक, खटक. क्लिपा नव्हत्याच. जुन्या काढून फेकल्या असणार आणि 'नसल्या तरी चालतंय' म्हणून नव्या घातल्या नसणार. खालच्या पिनेचा बोल्ट तर मी बोटांनी फिरवला. पान्यानं नाही, बोटांनी! धरणारा चिमटाच लोंबकळत असेल तर गाडी ओढणार नाही तर काय करणार? मी मोबाइलवर बोट आणि बोल्ट दोन्ही दिसतील असा व्हिडिओ काढला. मिस्त्रीशिवाय त्या चाकाला कुणी हात लावला नव्हता. याच गाडीतून मी आईला दवाखान्यात नेऊन आणलं होतं. शिव्या तर इतक्या दिल्या त्याला, की रस्त्यावरचा मेंढपाळ लांबूनच माझ्याकडे बघत उभा राहिला.

बोल्ट मी पान्यानं गच्च आवळला. गाडी आता धोक्याची राहिली नाही, फक्त क्लिपांवाचून वाजत राहिली. क्लिपा दुकानात मिळतात. पण मला ती वाजायलाच पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला गॅरेजात गर्दी असते. हत्यारं धुऊनपुसून गोणपाटावर मांडतात, हळदीकुंकू वाहतात, झेंडूचे हार घालतात आणि त्या दिवशी त्यांना कामासाठी हात लावत नाहीत. ड्रायव्हर आपापल्या गाड्या घेऊन नारळ फोडायला येतात. सकाळी घरी आई आमचे पाने पूजेला मागायला लागली. मी म्हटलं, "आज ह्यांची पूजा दुसरीकडं हाय." ती चिडली. मी पाने, जॅक सगळं गाडीत टाकलं. जाताना स्पेअर पार्टच्या दुकानातून क्लिपा घेतल्या. दुकानातले चाचा डोळे मोठे करून म्हणाले, "क्लिपांच नै डाले? पॅड नाचतेच ना फिर!" आबांना मी फक्त पूजेला चला म्हणून आणलं होतं. ते गाडीतच बसून राहिले. टपरीवरचे सगळे चेहरे गॅरेजसमोर होते, त्यांना उतरवेना.

मिस्त्री नव्या शर्टात पेढे वाटत होता. मी म्हटलं, "मिस्त्री, चक्कर मारायची हाय. चला. आनि ह्या सगळ्यांनी मागं हौद्यात उभं राहायचं."

"आज न्हाय ताई. आज काम बंद असतंय."

"काम कुटं सांगितलंय? बसायचं नुसतं."

ड्रायव्हरांना तमाशा हवाच असतो, पटापट चढले. आबा मधे सरकले, मिस्त्री दाराशी बसला. मी गल्ली टाळून गाडी मागच्या मोकळ्या कच्च्या रस्त्यावर घेतली आणि ब्रेकवरून पाय उचलून बाजूला ठेवला. खळखळखळखळ!

"हे काय?" मी विचारलं.

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

मी पाय टेकवला. शांत. उचलला. खळखळ. "तुमी गल्लीत असा पाय ठिवून चालवत होता. व्हय का न्हाय?" मागून एक जण ओरडला, "व्हय की! गल्लीत तसंच चालवावं लागतंय!" मी पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. एकदा दाखवून भागलं असतं. पण माझं पोट भरेना. मी परत परत केलं, मिस्त्रीच्या तोंडावर घाम येईपर्यंत. मागे हसायला लागले होते, आणि या खेपेला आबांना हसत नव्हते.

गॅरेजसमोर आल्यावर सगळे उतरले, आबासुद्धा, आणि मी म्हटलं, "खोला चाक." तो म्हणाला, "हत्यारं पूजेला बसल्यात, ताई. आज हात लावायचा नसतोय."

"तुमची बसू देत. मी माझी आणल्यात."

हार घातलेल्या त्याच्या पान्यांसमोर मी आमचा जॅक लावला, चाक काढलं. पॅड हलवून दाखवले. क्लिपांची रिकामी जागा दाखवली. मग बोटांनी फिरणाऱ्या बोल्टचा व्हिडिओ एकेकाच्या हातात दिला. काड्यापेटी खुळखुळवणाऱ्याच्या हातात सगळ्यात आधी. कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हंजी बाभळीत गेली ती ह्याच्यामुळंच." मिस्त्रीचा चेहरा पार उतरला. तो वाकून आबांच्या पायाला हात लावायला लागला, "चुकलं आबा."

आबा म्हणाले, "आसू दे."

"काय असू दे?" मी म्हटलं. "मिस्त्री, जे सगळ्यांसमोर बोलला होता, ते सगळ्यांसमोर परत घ्यायचं. मोठ्यानं."

तो बोलला. "आवाज आबांच्या कानात नव्हता. गाडीत होता." मी म्हटलं, ऐकू आलं नाही. त्यानं परत म्हटलं. मी म्हटलं, अजून मोठ्यानं. रस्त्यापलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर येईपर्यंत मी त्याला बोलायला लावलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं. साखर खाल्ल्यासारखं वाटलं.

क्लिपा मी स्वतः बसवल्या, चाक चढवलं आणि सगळ्यांच्या देखत किल्ली आबांच्या हातात दिली. "चला. तुमी चालवा."

आबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. गाडी सुरू केली. काच खाली केली. गाडी थोडी पुढं गेली, मागं आली. ती एकदम शांत होती. आबा मान तिरकी करून ऐकत राहिले. बराच वेळ. मग गाडी बंद केली.

"वाजत न्हाय ना?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाय वाजत, आबा."

"का वाजतंय, आनि मला ऐकू येत न्हाय?"

"आबा, आत्ता सगळ्यांनी ऐकलं की. तुमचंच बरोबर होतं."

"आसंल," ते म्हणाले. "पन मधी मला बी वाटाय लागलं हुतं की कानातच हाय. आता काय खरं वाजतंय आनि काय न्हाय, माझं मला कळंना, बाळ." त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि पलीकडं सरकले. "तू चालव."

तेव्हापासून मीच चालवते. आबा शेजारी बसतात. टेप बंद, काच खाली. उतार आला, वळण आलं, मेंढरं आडवी आली की त्यांचा उजवा पाय मोकळ्या पत्र्यावर दाबला जातो. तिथं ब्रेक नाही, काहीच नाही. पण तो पाय बरोबर वेळेला पडतो. माझ्या पायाच्या आधी पडतो, दर वेळी.

मग गॅरेज येतं. मिस्त्री मान खाली घालून काहीतरी खोलत बसलेला असतो. मी हॉर्नवर हात ठेवते आणि दाबून धरते.