अक्काला कळलं पाहिजे

बसू आमच्याकडे फक्त रविवारी यायचा. म्हणून त्या बुधवारी भर दुपारी तो दारात दिसला तेव्हाच मी हातातलं काम टाकून उठले. दाजीबानपेठेतलं आपलं कापडाचं दुकान तसंच टाकून आला होता. आत येईना, चपला काढेना. "अक्का, रघूअण्णा दुकानात पडला," म्हणाला. मी विचारलं, "दवाखान्यात नेलं काय?" तो खाली बघत म्हणाला, "नेलं अक्का... पण उपयोग झाला नाही." माझ्या हातात पदर होता. तो मी पिळत राहिले, त्यात पाणी नव्हतं तरी.

रघू माझा धाकटा भाऊ. कोप्पीकर रोडवर त्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं लग्न केलं नाही. माझा नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे आले ती तिथलीच झाले. अमेरिकेला जाणाऱ्या एका मित्रानं त्याला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि पिशवीभर फासे देऊन टाकले होते. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर वीस बाजूंचा. ते पुस्तक एका खेळाचं. खेळ असा की एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरायचं. गोष्ट रघू सांगायचा. खेळायला त्याचे मित्र, बसू आणि विनायक. विनायक तेव्हा वकिली शिकत होता, पुढे धारवाडच्या कोर्टात जायला लागला. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की पुढच्या खोलीत चटई पडायची. दहा-बारा वर्षं हे चाललं.

पुस्तकात नियम होते, कुणाला काय करता येईल आणि काय येणार नाही याचे. रघूनं पहिल्याच रविवारी सांगून टाकलं, ज्याला जे पाहिजे ते मिळेल. या पुस्तकातलं, दुसऱ्या पुस्तकातलं, नाहीतर घरी बसून मनानं रचलेलं. विनायकानं दगडातून आरपार जाणारी तलवार मागितली. बसूनं बोलणारा बैल मागितला, तो फक्त कन्नडात बोलायचा. रघू प्रत्येकाला म्हणायचा, "आगली," म्हणजे होऊ दे. विनायक सुरुवातीला कुरकुरला, "खेळाला शिस्त नको काय रे? उद्या हा बैलाला पंख लावील." "लावू दे की," रघू म्हणाला, "नाही म्हणणारा माणूस या घरात एक होऊन गेला. तेवढा पुरे." तो आमच्या वडिलांबद्दल, आप्पांबद्दल बोलत होता. आप्पांनी चौथीनंतर माझी शाळा बंद केली होती आणि रघूच्या हातातली बाजाची पेटी काढून शेजारी देऊन टाकली होती.

त्याची अट एकच. जे मागायचं ते मराठीत नाहीतर कन्नडात मोठ्यानं सांगायचं, आणि ते अक्काला कळलं पाहिजे. अक्काला कळलं की चाललं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून तांदूळ निवडत असायची. अट घातली ती गमतीनंच, पण पुढे तिचा रिवाज झाला. मागणाऱ्याचं सांगून झालं की तिघं माझ्याकडे वळायचे. "कळलं काय अक्का?" मी मान हलवायची. खरं सांगायचं तर अर्धं कळायचं, अर्धं नाही. पण तिघं असे बघत राहिले की मला घाम फुटायचा. नाही कळलं म्हटलं तर म्हणतील, हिला कशाला विचारायचं... मग मी मान हलवायची, म्हणजे त्यांनी दुसरीकडे बघावं. तूही खेळ, काहीही माग, देतो, असं रघू मला कितीदा म्हणाला. काहीही माग म्हटलं की मला काहीच सुचायचं नाही.

मग नेटची दुकानं निघाली. विनायक लॅमिंग्टन रोडच्या बाजूच्या एका दुकानातून नवेनवे नियम छापून आणायला लागला. एका रविवारी त्यानं चार कागद एकापुढे एक धरून भराभर सांगितलं, ह्याला हे जोडलं, त्याच्यावर ते लावलं. "कळलं काय अक्का?" मी मान हलवली. त्यानंतर तीन रविवार असे गेले की राक्षस दिसायच्या आत मरून पडायचे. बसूच्या हातातला फासा हातातच राहायचा. "मी कशाला येऊ अक्का?" जाताना तो मला म्हणाला. "ह्यो एकटाच मारतोय. मी आणि माझा बैल नुसतं चहा पितोय." पुढच्या रविवारी तो आलाच नाही. रघू फासे मुठीत धरून दाराकडे बघत बसला. या रविवाराशिवाय माझ्या भावाला होतं काय? आणि तो मी मोडला होता, एक मान हलवून.

शुक्रवारी त्याला वाढताना मी म्हणाले, "रघू, विनायकाचं ते मला कळलं नव्हतं." त्याचा हात थांबला. मला वाटलं आता चिडणार. तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे ते चाललंच नाही की! तीन आठवड्यांचे राक्षस उगीच मेले!" मग पाणी पिऊन हळूच म्हणाला, "अक्का, मी सगळ्यांना हो म्हणतो ते तुझ्या जिवावर. तूच उगीच मान हलवलीस तर मी थांबायचं कुठं?"

त्या रविवारी तो स्वतः जाऊन बसूला घेऊन आला, आणि विनायकाला पुन्हा सांगायला लावलं. मी पाटावरून म्हणाले, "नाही कळलं." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण रघूला आला. विनायकानं पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही कळलं. तिसऱ्यांदा तो सावकाश, एकेक शब्द शोधत सांगायला लागला. "म्हणजे बघा अक्का... मी तिथं असलो की बाकी कुणाला... काही करावंच लागत नाही." आणि तो थांबला. "वा वकीलसाहेब!" बसू म्हणाला. "मग मी आणि बैल जातो घरी." सगळे हसले. विनायकही हसला, आणि त्यानं आपल्याच हातानं दोन कागद फाडले. रघूनं कुणालाच नाही म्हटलं नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही यंदा उन्हाळ्यात... रघूला जिना चढताना धाप लागायला लागली होती. एक दिवस तो डॉक्टरकडून कागद घेऊन आला. उभ्याउभ्याच भराभर बोलला, थोडंसं काहीतरी निघालंय, गोळ्या दिल्यात, मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणतायत, बघू पुढच्या महिन्यात, घाई नाही. "कळलं काय अक्का?" विनायक चार कागद घेऊन बोलला होता तसंच ते होतं, भराभर. ते माझ्या लक्षात आलं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला भीती वाटली, आणि मी मान हलवली. त्यानं तो कागद फळीवर फाशांच्या डब्यामागे खोचला आणि चहा मागितला. तीन आठवडेही गेले नाहीत, आणि त्या बुधवारी बसू दारात आला.

येणारे-जाणारे म्हणतात, तू काय करणार होतीस, त्याचं तेवढंच होतं. असेल. कागद इंग्रजीत होता, तो मी कुणाकडून वाचून घेतला नव्हता. त्याला वाचवता आलं असतं असं त्यात असेल याची भीती वाटायची, आणि वाचवता आलंच नसतं असं असेल तर त्याचीही.

गेल्या रविवारी दोघं आले. रघूला जाऊन महिना झाला होता. बसूनं चटई टाकली, विनायकानं डबा काढला. गोष्ट आता विनायक सांगणार होता. बसूनं बैलासाठी काहीतरी नवं मागितलं, नदी आणि तिच्या तळाशी दिसणाऱ्या वाटेचं. त्याचं बोलून झालं आणि सवयीनं दोघं उंबऱ्याकडे वळले. "कळलं काय अक्का?" माझी मान हलायला लागली होती. मी पाटाची कड घट्ट धरली.

"नाही कळलं. परत सांग."

बसूनं परत सांगितलं. दुसऱ्यांदा कळलं, तेव्हा मी मान हलवली. मग उठले, फळीवरचा तो कागद काढला आणि विनायकापुढे ठेवला.

"हा वाच," मी म्हणाले. "मराठीत. सावकाश. मला कळेपर्यंत."

विनायकानं खिशातून चष्मा काढला. मी पाट थोडा पुढे ओढून बसले.