महाशीर आणि मामाची पोरगी

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला, पण चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो. मी एक ठरलेलं लग्न मोडलं. पोराची काही तक्रार नव्हती, पोरीची नव्हती, दोघांचे आईबाप खूश होते. आणि मी मधे जाऊन माशांवर भाषण दिलं.

तुम्ही म्हणाल, माशांचा आणि लग्नाचा काय संबंध? मलाही तेच वाटत होतं.

मी उमरखेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. गेली काही वर्षं पैनगंगेतल्या महाशीर माशाच्या मागं लागलोय. मोठा देखणा मासा, सोनेरी खवल्यांचा, पण आता फार कमी राहिला. उन्हाळ्यात नदी आटली की ढाणकीच्या पलीकडं एका गावच्या डोहात उरलेसुरले जीव धरून असतात. मी त्यांच्या शेपटीचं टोक जरासं कापून घेतो, मासा परत सोडतो आणि तुकडा तपासायला पाठवतो.

तपासायचं काय, तर रोगाशी लढणारी जनुकं. ती माशामाशात जितकी वेगळी तितकं बरं. साथ आली तर काही मरतात, काही तगतात. सगळ्यांची सारखीच असली, तर एकाच साथीत डोह रिकामा. आमच्या डोहातल्यांची फारच सारखी निघाली. मला मनापासून वाईट वाटलं हो. दोन घास गोड लागेनात.

मग ठरवलं, गावाला सांगायचं. डोहात जाळी टाकू नका, आणि परवानगी काढून नदीच्या वरच्या अंगाचे थोडे महाशीर आणून सोडू द्या, एवढंच मागायचं होतं. पारावर माणसं जमली. आता पारावर जनुकं कशी समजवायची? म्हटलं, सोपं करून सांगू. आणि मी सोपं करायला लागलो की मला आवरत नाही, हा माझा जुना रोग.

"पाहा भाऊ," मी म्हणालो, "या डोहातल्या माशायले बाहेर जाता येत नाही. मंग सोयरीक कोनाशी? मामाच्या पोरीशी. घरातल्या घरात. रक्त सारं एकच. मंग एक दिवस बिमारी येते आन् खानदान साफ."

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. मला वाटलं, वा, काय पकड घेतलीये आपण. मी आणखी रंगात आलो. "काही मासोळ्या तं वासावरून ओळखते, हा घरचा, हा बाहेरचा. आन् बाहेरचाच निवडते. माशाले समजते, मानसाले समजत नाही."

हे शेवटचं वाक्य कुणी मागितलंही नव्हतं.

गावातल्या ओळखीच्या सुमनताई पुढंच बसल्या होत्या, त्या उठल्या, पदर सावरला आणि निघून गेल्या. मी म्हटलं, धार काढायची वेळ झाली असेल.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. शोभा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"मामाच्या पोरीशी, असं म्हनले तुम्ही?"

"हो."

"भर पारावर?"

"हो ना. एकदम पटलं लोकायले."

"मंग मी कोन आहो?"

शोभा माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. इतकी वर्षं संसार केला आणि पारावर उभं राहिल्यावर ते माझ्या ध्यानातच आलं नाही. त्या संध्याकाळी मला भाकरी मिळाली, भाजी काही मिळाली नाही.

पण खरी गंमत पुढंच आहे. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात एक जोडपं उभं. म्हणजे होऊ घातलेलं. गजानन, सुमनताईंचा मुलगा, धिप्पाड गडी. आणि त्याच्या मामाची पोरगी वैशाली, आर्णीची. तिचे डोळे रडून सुजलेले.

"सर, मायनं लग्न मोडलं," गजानन म्हणाला. "साक्षगंध झालतं आमचं. आता माय म्हनते, सरनं सांगतलं, खानदान साफ होईन."

"अरे, मी माशांचं सांगत होतो."

"मंग मायले सांगा ना ते."

वैशालीनं दोन पुड्या पुढं केल्या. एकीला लाल दोरा, दुसरीला पांढरा. "सर, आमची नखं हायेत. लाल दोऱ्याची माझी. तुम्ही माशाची शेपटी कापता, आम्हाले तं शेपटी नाही. पाहून घ्या ना आम्ही सारखे निघतो का वेगळे. वेगळे निघालो तं आत्या हो म्हनन."

मला हसू फुटणार होतं, पण त्या पोरीचा चेहरा पाहिला आणि ते ओठांतच राहिलं. हिचा संसार मी पारावर उभं राहून विस्कटला होता, तोही टाळ्या मिळवायला.

तसाच मोटरसायकलवर गावात गेलो. तिथं वेगळंच चाललेलं. आणखी एका घरची बोलणी थांबली होती. एक म्हातारबुवा तर गुडघेदुखीचं खापर बायकोवर फोडून बसले होते, कारण ती त्यांच्या मामाची. आणि म्हातारी मलाच शोधत होती.

सुमनताईंनी चहा दिला, पण बोलणं तुटक. "मलेबी कुठं हौस हाय मोडाची? सख्ख्या भावाची पोरगी हाय ते. भाऊ फोन उचलत नाही आता. पन उद्या लेकराले काही झालं तं?"

"तसं काही होईलच असं नाही हो. फक्त शक्यता जराशी वाढते."

"जराशी म्हंजे किती?"

आता मी पडलो विज्ञानाचा माणूस. "ते तसं नक्की सांगता येत नाही," म्हणालो.

"मंग कायले आले?" त्यांनी विचारलं.

मी चहा संपवला आणि परत आलो. शोभानं माझं तोंड पाहिलं, काय ते ओळखलं. "उठा. मी येते संग. पोरीलेबी घेऊ." आमची लेक प्राजक्ता कॉलेजात कबड्डी खेळते. रस्ताभर मी शोभाला नीट समजावून सांगत गेलो. ती हूं हूं करत होती.

जाताच ती सुमनताईंच्या शेजारी बसली. "ताई, मी यायच्या सख्ख्या मामाची पोरगी."

सुमनताईंनी सावकाश माझ्याकडं पाहिलं. "सर, तुम्हीच?" मी पंख्याकडं पाहू लागलो.

"डोहातल्या मासोळीले पिढ्यानपिढ्या दुसरं कोनी भेटतच नाही," शोभा म्हणाली. "तुमच्या घरात याच्या आधी अशी सोयरीक झालती?"

"नाही ना. सासू माही पुसदकडची. भावजय दिग्रसची."

"मंग तुमचं घर डोह कुठं हाय? दोघायचं रक्त तपासून घ्या, सिकलसेलचं. ते तं कोनीबी कराव. डॉक्टरले विचारा आन् तो म्हनन ते आयका. यायचं नका आयकू."

मला जे समजवायला रस्ताभर लागलं होतं, ते तिनं एका दमात सांगून टाकलं.

सुमनताईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी प्राजक्ताला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पोट्टी तं खमकी हाय," एवढंच म्हणाल्या.

दोघांचं रक्त तपासलं. डॉक्टरांनी घरच्यांना शांतपणे बसवून सगळं समजावलं, काळजीसारखं काही नाही म्हणाले. भावानं फोन उचलला. पत्रिका द्यायला सुमनताई स्वतः उमरखेडला आल्या आणि ती त्यांनी शोभाच्या हातात दिली. मी दारात उभा होतो, माझी काही दखल घेतली नाही.

निघताना मात्र वळल्या. "सर, ते बाहेरचे मासे आना तुम्ही. गावानं ठरवलं, आम्ही जाळी टाकत नाही डोहात."

मला इतका आनंद झाला, काय सांगू. मी घसा खाकरला, आभाराचे दोन शब्द बोलावे म्हणून तोंड उघडलं.

त्यांनी हात वर केला. "फक्त डोहात सोडतानी माशायच्या समोर काही बोलू नका. जमत आलेली सोयरीक मोडन."