दोघी बहिणींचा कोरस

घशाच्या ऑपरेशननंतर दिओसेलिनाचा आवाज गेला तो गेलाच. उरली नुसती कुजबूज. तरुणपणी ती आणि तिची धाकटी बहीण अम्पारो काली शहरातल्या एका नाचाच्या बँडमध्ये कोरस गायच्या. त्या बँडची एक रेकॉर्डही निघाली होती. अम्पारो वारून बरीच वर्षं झाली. रेकॉर्ड घरातच होती, पण दिओसेलिना ती लावू द्यायची नाही. "काय ऐकायचं त्यात? सगळा गलका," म्हणायची.

एका रविवारी शेजारचा एर्नेय ती रेकॉर्ड मागायला आला. कोपऱ्यावरच्या नाचघरात गाणी लावणं हे त्याचं काम. आत पाऊल टाकलं आणि तो थबकलाच. दोन्ही स्पीकर कपाटावर, एकमेकांना खेटून, भिंतीच्या कोपऱ्यात.

"उल्पियानोकाका, हे स्पीकर आहेत का कबुतरं?"

"खाली अडचण होते रे," दिओसेलिनाचा नवरा म्हणाला.

"कोपऱ्यात ढोल घुमतो, काका, आणि गाणाऱ्यांना गिळून टाकतो. धरा इकडून."

उल्पियानो कुरकुरत हात लावू लागला. स्पीकर खाली आले, भिंतीपासून चांगले पुढे, दोन स्टुलांवर, बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीला येतील असे. दोघांत ऐसपैस अंतर, आणि तेवढ्याच अंतरावर समोर दिओसेलिनाची खुर्ची. मधे जेवणाचं टेबल आडवं येत होतं.

"आता हे काय डोक्यावर घेऊ?"

"परसात न्या. काकू, तुम्ही बसा."

रेकॉर्ड फिरू लागली. ट्रम्पेट, पियानो, आणि मग कोरस. डावीकडून तिचा स्वतःचा आवाज आला. उजवीकडून अम्पारो. शेजारी उभी केली की अम्पारो हसवायची, म्हणून त्या दोघींना वेगवेगळ्या माइकवर उभं केलं होतं. ओळ सुरू होण्याआधी अम्पारोनं घाईघाईनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. दिओसेलिना उजवीकडे वळून बघत राहिली.

"पुन्हा," ती पुटपुटली.

तिसऱ्यांदा वाजल्यावर तिनं एर्नेयचा हात दोन्ही हातांत घेतला. "देव तुझं भलं करो, लेकरा. पण रेकॉर्ड काही मिळायची नाही तुला. इथं येऊन ऐकायची."

"मग सांकोचो पाजावा लागेल, काकू!"

कोंबडीचा तो दाट रस्सा तिघांनी परसातच टेबलाभोवती बसून ओरपला. संध्याकाळी ती चर्चमध्ये गेली. आज मागायचं काही सुचेना. एर्नेयच्या नावानं एक मेणबत्ती लावली आणि घरी आली.