वहिनीच्या आईचा मोर

दुष्काळानंतरची ती पहिली चांगली सुगी. त्याच वर्षी वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली आणि नव्याची नवलाई सरायच्या आत मायनं घोळ घातला. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात आली, तेव्हा मायनं गाठोड्याबरोबर वहिनीच्या रुखवतातला मोरही देऊन टाकला. वर स्टीलचा डबा मिळाला म्हणून शेजारणीला दाखवून आली!

मोर म्हणजे मॅटीच्या कापडावर रंगीत दोऱ्यांनी भरलेला मोठा चौकोन. वहिनीच्या आईनं तो लेकीच्या रुखवतासाठी भरला होता आणि लग्न बघायला ती उरली नाही. तिच्या हातचं दुसरं काहीच वहिनीजवळ नव्हतं. नवी सून सासूला काय बोलणार? बोलले मीच, चांगलं फडाफडा बोलले. पण मायच्या तोंडून 'चुकलं' निघेल तर शपथ.

पुढं एकदा वडिलांबरोबर ताडकळसच्या बाजाराला गेले होते. हळद-मिरची विकणाऱ्या बाईच्या ढिगाखालून निळी शेपटी डोकावत होती. मोरच तो! आनंदानं मला ओरडावंसं वाटलं.

"मावशी, हे कापड मला द्या!"

"अन् मिरच्या काय डोक्यावर मांडू?"

मी पळत जाऊन आमच्या बैलगाडीतलं चवाळं ओढून आणलं आणि तिच्यापुढं पसरलं. "अगं, जाताना बसायचं कशावर?" वडील ओरडत राहिले. मी उभ्यानं घरी यायलाही तयार होते.

वहिनीनं मोर छातीशी धरला आणि मिरचीच्या खकाण्यानं आम्ही दोघी शिंकत सुटलो. रडायलाही उसंत मिळाली नाही तिला. आधी कापड झटकलं. मग ओलं पांढरं फडकं एकेका रंगावर दाबून बघितलं. निळा पक्का, हिरवा पक्का. तुऱ्याच्या लाल दोऱ्याची मला धास्ती होती, पण तोही टिकला. रिठ्याच्या पाण्यानं तेलकटपणा गेला, हळद मात्र हटेना. मला कुठला धीर! मी साबण लावला आणि कापडावर लालभडक ओघळ पसरले.

"वहिनी, दोऱ्याचा रंग सुटला! मोर गेला!"

"वन्सं, हळद हाय ती. साबण लागला की लाल होतीच. धुऊन उन्हात टाका." वहिनी हसायला लागली होती. घरात आल्यापासून ती इतकी मोकळी हसलेली मी पाहिलीच नव्हती. माझा जीव भांड्यात पडला, तरी कापड वाळेपर्यंत मी घरात-अंगणात येरझारा घालत होते. ऊन उतरेपर्यंत कापड स्वच्छ झालं आणि मोर असा उठून दिसायला लागला की मी टाळ्याच पिटल्या.

आम्ही तो बैठकीच्या भिंतीवर लावला. तेवढ्यात माय आतून कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"सरा बाजूला. इहीणबाई पहिल्यांदाच घरी आल्यात."

"माय, आत्ताच धुतलंय! डाग पडंल!"

तिनं ऐकलं नाही. मोराच्या शेजारी कोऱ्या कापडावर कुंकवाचं बोट टेकवून ती भिंतीलाच म्हणाली, "इहीणबाई, चुकलं माझं. लय रडवलं तुमच्या लेकीला."

मी फडकं घेऊन पुढं झाले, तर वहिनीनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, वन्सं," ती म्हणाली आणि मायच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली.