सिद्रामप्पांची चूक

नव्या जागी मापं घ्यायला गेलो की सिद्रामप्पा आधी खाली बसायचे. टेप पिशवीतच. जिथं कुणी म्हातारा नाहीतर भाजीवाली टेकलेली असेल, तिथंच शेजारी बसून मला हाक मारायचे, "सायेब, हितं मानूस का बसलंय ते बगा की. मग काडा नकाशा." मी आर्किटेक्ट, ते माझ्या ऑफिसात मापं घेणारे. कॉलेजात मला कुणी असं खाली बसवलं नव्हतं. सोलापूरच्या उन्हात मी नुसता चरफडत उभा असे.

त्यांचं माप मात्र इंचभरही चुकत नसे. "माप चुकलं की मानूस अडखळतंय," असं म्हणत, आणि त्याचा त्यांना लई अभिमान होता.

भवानी पेठेतल्या एका चौकाच्या सुशोभीकरणाचं काम आम्हाला मिळालं. सिद्रामप्पा त्याच पेठेत राहायचे. चौकात लिंबाखाली दगडी कट्टा होता. वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन परतणाऱ्या बायका तिथं टोपल्या टेकवून, पाय पसरून बसत. सिद्रामप्पांनी तो नकाशावर पेन्सिलीनं काढला आणि बाजूला लिहिलं, 'हलवू नये.' माझ्या कुंड्यांच्या सरळ रांगेत तो कट्टा मधेच येत होता. मी खोडरबर घेतला.

कट्टा फोडल्यावर बायका भडकल्या. रहिवाशांच्या बैठकीत एकीनं उभं राहून विचारलं, "आमचा कट्टा का काडला? आता आमी बसायचं कुटं?" अधिकारी माझ्याकडे बघू लागले.

"मापं घेताना राहून गेला तो," मी बोलून गेलो.

सगळ्यांच्या माना सिद्रामप्पांकडे वळल्या. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"व्हय. माज्याकडनंच ऱ्हायला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर कामाला आले. मी माफी मागितली नाही. आज बोलू, उद्या बोलू करत चार वर्षं काढली. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा माझा भित्रेपणा मोठा होता. बायका आता त्या कुंड्यांच्या कडेला, गाड्यांच्या धुरात उकिडव्या बसतात. मी त्या रस्त्यानं जायचं टाळतो.

गेल्या वर्षी सिद्रामप्पा गेले. आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीनं सतरंजी टाकली आणि त्या डोळे पुसत समोर बसल्या.

"यांच्याकडनं तेवडी येक चूक झाली बगा. पेठंतल्या बाया अजून बोलून दाखवत्यात. तरी तुमी कामावर ठिवलं. लई उपकार झाले, सायेब."

म्हणजे त्यांनी घरातही खरं सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

"असू द्या, काकू," मी म्हणालो, "चुका होतात माणसाकडून."