बडे मास्तरांची यादी

आमच्या बडे मास्तरांइतकं वाईट मराठी लिहिणारा आणि त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. भूम तालुक्यातल्या एका गावच्या प्राथमिक शाळेचे ते हेडमास्तर आणि मी त्यांच्या हाताखालचा एकुलता एक शिक्षक. सारं गाव त्यांना बडे मास्तर म्हणायचं, म्हणून मला आपोआप छोटे मास्तर व्हावं लागलं, आणि बाविसाव्या वर्षी मला ते मुळीच आवडलं नव्हतं. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दूतून झालेलं. पुढं निजामाचं राज्य गेलं, कचेरीचे कागद मराठीत येऊ लागले आणि पन्नाशीला टेकलेल्या या माणसाला हुकूम आला की मराठीची परीक्षा द्या. दुसरा कोणी नशिबाला बोल लावत बसला असता. बडे मास्तरांनी ईट गावच्या बाजारातून एक कोरी पाटी आणली आणि माझ्या दुसरीच्या वर्गात, मागच्या ओळीत, पोरांच्या शेजारी तरटावर मांडी घालून ते बसले.

मी शुद्धलेखन घातलं की तेही लिहायचे, पाटी तपासायला रांगेत उभे राहायचे आणि चुका मोजून झाल्या की हात पुढं करायचे. 'कायदा समद्यांला सारखा, मास्तर,' असं वर मलाच सांगायचे. मी पट्टी नुसती टेकवली तर पोरं गलका करायची की बडे मास्तरांना हळू मारलं. एकदा त्यांच्या सतरा चुका निघाल्या. शेजारी बसणाऱ्या चिमुरड्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, 'रडू नगा. माझ्या बी लई निघत्यात.' हे वाक्य त्यांनी महिनाभर भेटेल त्याला ऐकवलं. जणू त्यांना वरून मानपत्रच मिळालं होतं.

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसलो तर दिवस पुरायचा नाही. त्यांच्याकडं एक सायकल होती आणि तिच्यावर ते कधीही बसले नाहीत. घरापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून बाजारापर्यंत तिला हाताला धरून चालत न्यायचे. हँडलला छत्री, मागं कुणाची तरी दप्तरं, कधी पायात काटा मोडलेलं एखादं पोर. मी विचारलं तर म्हणाले, 'बसाया शिकायचं राहून गेलं. पर सोबतीला लई चांगली हाय, मधी बोलत न्हाय.' शेरवानी एकच. ती मुळात काळी होती असं त्यांच्या बेगमसाहेब सांगायच्या, आम्ही पाहिली ती खडूच्याच रंगाची. हजेरी घ्यायला त्यांना पाऊण तास लागायचा, कारण प्रत्येकानं त्याला जमेल तशी हजेरी द्यावी असा त्यांचा नियम होता. तोतरं बोलणाऱ्यानं टाळी वाजवायची, लाजरीनं नुसतं उभं राहून खाली बसायचं, आणि एक पोरगा रोज आजीचं काही ना काही गाऱ्हाणं सांगितल्याशिवाय हजर व्हायचा नाही, तर तेही ऐकून घ्यायचं. मी तिकडं पाढे म्हणवून घेऊन मोकळा झालेला असायचो.

शाळा उघडण्याच्या पहिल्या दिवशी तर मला तोंड लपवावंसं वाटायचं. हा वयस्कर माणूस हातात पितळेची थाळी घेऊन एकेका पोराच्या मागं चोरपावलांनी जायचा आणि धाडकन थाळी बडवायचा. पोर दचकलं की खूश. मग दारात उभं राहून मूठ उघडायची, आणि हातात ज्वारी आहे की तूर ते पोरांनी भिंतीपासून ओळखायचं. गावातले रिकामटेकडे हा तमाशा बघायला खास यायचे. ऐकू कमी येणारी, नजरेनं कमी असणारी पोरं अशी निवडून ते पुढच्या ओळीत बसवायचे आणि म्हणायचे, 'पोरगं ढ नसतंय, मास्तर. आपुन त्याला चुकीच्या जागी बसवतो.' मला त्यात मोठंसं काही दिसायचं नाही. माझं लक्ष तेव्हा माझ्या अक्षराकडं होतं. माझं अक्षर छापल्यासारखं होतं आणि त्याचा मला माज होता.

तपासणीच्या दिवसाची एक रीत त्या काळी आमच्याकडच्या सगळ्या शाळांत होती. साहेब येणार असं कळलं की कच्च्या पोरांना आदल्या दिवशीच सांगायचं, उद्या गुरं राखायला जा. साहेबांना ही रीत ठाऊक असायची, मास्तरांना साहेबांना ठाऊक आहे हे ठाऊक असायचं, आणि शेरा छान पडायचा. बडे मास्तर नेमकं उलटं करायचे. त्या दिवशी घरोघरी जाऊन कच्ची पोरं गोळा करून आणायचे आणि साहेबांच्या नाकासमोर बसवायचे. साहेबांनी पहिल्या ओळीला काहीही विचारावं आणि पहिल्या ओळीनं त्यांच्याकडं टकामका बघावं. शेवटी शेरेबुकात 'प्रगती असमाधानकारक' असं पडायचं. बडे मास्तर तो शेरा माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि समाधानानं म्हणायचे, 'खरं लिवलंय. साहेब माणूस चांगला हाय.'

गोजर त्या पहिल्या ओळीतली. गावात घोंगड्या विणणारा सोपान सणगर होता, त्याची ही मुलगी. सारं गाव तिला येडी म्हणायचं. हाक मारली तर वळायची नाही, बोलली तर कुणाला कळायचं नाही. बापानं तिला शाळेत आणून सोडली ती मागाच्या दोऱ्यांत हात घालू नये म्हणून. बडे मास्तरांनी तिच्या मागं थाळी बडवली तेव्हा ती पाटीवर शेळी काढत होती आणि शेळी पुरी करूनच थांबली. त्यांनी पुन्हा बडवली. मग थाळी खाली ठेवली आणि म्हणाले, 'मास्तर, ही येडी न्हाय. हिला ऐकू येत न्हाय. नऊ वर्सं झाली, कुणीच कसं बघितलं न्हाय?'

त्या दिवसापासून त्यांनी तिला शिकवायचा ध्यास घेतला. ती बोलणाऱ्याच्या ओठांकडं टक लावून बघते हे त्यांच्या ध्यानात आलं. अडचण एवढीच होती की बडे मास्तरांना ओठच दिसत नव्हते. त्यांच्या झुपकेदार मिशा तालुक्याला माहीत होत्या, आणि त्यांखाली वरचा ओठ आहे की नाही हे बेगमसाहेबांनाही खात्रीनं सांगता आलं नसतं. एका सोमवारी ते उठून न्हाव्याकडं गेले आणि मिशा काढ म्हणाले. न्हाव्यानं तीनदा विचारलं, 'बडे मास्तर, घरात कुणी गेलं का?' मिशा गेल्या. बेगमसाहेब चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि शाळेत धाकटी पोरं त्यांना बघून रडली. गोजर मात्र त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत हसली. मग शाळेत हुकूम सुटला, फळ्याकडं तोंड करून कुणी बोलायचं नाही. मी विसरलो की मागून खोकला ऐकू यायचा.

तीन वर्षांत ती पोरगी कुठल्या कुठं गेली. वाचायला लागली, सुवाच्य लिहायला लागली, आणि हिशेबात तर चौथीचा कुठलाही पोरगा तिच्यापुढं टिकत नसे. चौथीची परीक्षा त्या साली जवळच आली होती. 'पास झाली की सोपान तिला पुढं शिकवील. न्हाय शिकवलं तर म्या हाय,' असं बडे मास्तर म्हणायचे. स्वतःची मराठीची परीक्षा ते दोनदा नापास झाले होते, त्याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. गोजरच्या परीक्षेची मात्र झोप उडण्याइतकी होती.

अशात वरच्या कचेरीतून ते परिपत्रक आलं. शाळांतील मंदगतीच्या व अपंग विद्यार्थ्यांकडे शिक्षकांनी विशेष लक्ष पुरवावे, आणि अशा विद्यार्थ्यांची यादी सत्वर सादर करावी. बडे मास्तरांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढी वर्षं हा माणूस जे एकट्यानं करत होता, ते सरकारनंच सांगितलं होतं. मी म्हणालो, 'बडे मास्तर, कचेरीला खरं लिहू नये. यादी मागतात ती कशाला, ते आधी कळू द्या.' ते म्हणाले, 'मदत द्यायला मागत्यात. आजारी कोण हाय ते कळल्याशिवाय हकीम दवा कशी देईल?' आणि त्यांनी यादी सांगायला सुरुवात केली.

अकरा नावं होती. छापील तक्त्यात तीनच रकाने होते, नाव, वय आणि व्यंग. बडे मास्तरांनी चौथा पाडायला लावला, 'काय पाहिजे'. एकाला चष्मा. एकाला पुढची जागा. एकाला 'उत्तरासाठी सवड'. गोजरपुढं त्यांनी लिहवलं, 'पूर्ण बहिरी. हुशार. मास्तरांनी तोंड दाखवून बोलावे, बाकी काही नको.' शेवटी म्हणाले, 'बारावं नाव माझं लिवा. मराठीत कच्चा, मेहनती.' ते मी लिहिलं नाही. पण बाकीची यादी मी अशी लिहिली की तशी पुन्हा मला साधली नाही. ताव कोरा करकरीत, शाई नवी, एकही खाडाखोड नाही. ती पाहून साहेब मला ओळखतील, असंही मनात आलं होतं.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. यादीतील विद्यार्थी सर्वसाधारण शाळेत शिकण्यास पात्र दिसत नाहीत, सबब त्यांची नावे पटावरून कमी करावीत व पालकांनी त्यांना योग्य त्या खास शाळेत घालावे. खास शाळा आख्ख्या जिल्ह्यात एकही नव्हती. बडे मास्तर सायकल घेऊन, म्हणजे सायकलीबरोबर चालत, तालुक्याला गेले आणि मलाही नेलं. तिथल्या साहेबांनी शांतपणे यादी पुढं सरकवली.

'हे अक्षर तुमच्या शाळेचंच ना?'

'व्हय, साहेब.'

'मी कुठं म्हणालो ही मुलं शिकू शकत नाहीत? तुम्हीच लिहून दिलंय. इतर शाळांनी नाही दिलं.'

'इतर शाळांत बी हायेत, साहेब.'

'असतील. माझ्याकडं कागद तुमचा आहे.'

मग बडे मास्तर म्हणाले, 'दहा नावं काढा. म्या घरी बसवून शिकवीन त्यांला. पर गोजरचं ठिवा. तिची परीक्षा हाय.' साहेब वाईट नव्हते. त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. म्हणाले, 'पूर्ण बहिरी असं लिहिलंत. आता मी काय करू?' परतीच्या वाटेवर बडे मास्तर सायकल हाताला धरून माझ्यापुढं चालत राहिले, आणि मला वाटत होतं त्यांनी मला चार शिव्या तरी घालाव्यात.

सोपान सणगराला त्यांनी परोपरीनं समजावलं. नाव नसलं तरी पोरीला पाठवा, शिकवायला कागद लागत नाही. सोपान मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, 'बडे मास्तर, तुमी लई केलं. पर सरकार न्हाय म्हणलं तर न्हाय. लोक आधीच येडी म्हणत्यात, आता कागद बी झाला. तिचा मामा नेतो म्हणतोय त्याच्या गावाला, लोहाऱ्याला, लोकर पिंजायला माणूस पायजे त्याला.'

जायच्या आधी गोजर एकदा शाळेत आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण? ती आपल्या जागेवर बसली आणि बडे मास्तरांच्या ओठांवर आपलं नाव केव्हा येतं ते बघू लागली. त्यांनी पट उघडला. तिच्या नावावर लाल शाईची रेघ होती, तीही माझ्याच हातची. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, मग फळ्याकडं वळले आणि भिंतीकडं तोंड करून सगळी हजेरी घेतली. त्या दिवशी ती दहा मिनिटांत संपली. गोजर बराच वेळ त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. मग पाटी उचलून गेली.

पुढच्या वर्षी तोच तक्ता पुन्हा आला. मी दौत काढली तर बडे मास्तरांनी टाक माझ्या हातून घेतला आणि आडव्या तक्त्यावर एकच शब्द लिहिला, निरंक. समोर पहिल्या ओळीत सात पोरं बसलेली होती. मी म्हणालो, 'बडे मास्तर, हे खोटं आहे.' ते म्हणाले, 'खरं लिवून बघितलं ना, मास्तर.' दरसाल ते तसंच लिहीत गेले, आणि तपासणीच्या दिवशी पहिल्या ओळीतली पोरं रानात जाऊ लागली. आमच्या शाळेला चांगले शेरे पडू लागले. ते त्यांनी माझ्याकडून कधी वाचून घेतले नाहीत.

ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना भेटायला जायचो. दरवेळी चहा पुढं यायच्या आत ते विचारायचे, 'गोजर कशी हाय?' मी सांगायचो, बरी आहे, मामाकडं सुखात आहे. दरवेळी ते मान हलवायचे आणि बेगमसाहेबांना आत सांगायचे, 'पोरगी सुखात हाय म्हणं.' असं त्यांच्या शेवटापर्यंत चाललं. खरं म्हणजे गोजर कशी होती हे मला कधीच ठाऊक नव्हतं. लोहाऱ्याला मोटार जायची, एका दिवसात जाऊन येता आलं असतं. मी गेलो नाही.