उलटी लव

बेबीनंदा आमच्या क्लबच्या मार्करची मुलगी. मार्कर म्हणजे बिलियर्ड्स-स्नूकरच्या खोलीचं सगळं पाहणारा माणूस. टेबल झाडायचं, कापडावरून इस्त्री फिरवायची, गुण सांगायचे. तिचे वडील रामकिसन यांनी जालन्याच्या त्या क्लबात हेच काम तीस वर्षं केलं. माझे पती तिथले सचिव होते.

बायकांना क्लबात गुरुवारी प्रवेश असे, तोही तंबोल्याच्या हॉलपर्यंत. स्नूकरच्या खोलीत बाई जात नसे. बेबीनंदा जायची, कारण तिच्या हातात ब्रश असायचा आणि ब्रश घेतलेल्या मुलीकडे कोणी पाहत नाही. दुपारी सभासद नसले की ती खेळायची. शेजारच्या खोलीत काही जण जेवून आडवे झालेले असत, म्हणून रामकिसनची एकच अट होती: बॉलचा आवाज बाहेर जाता कामा नये. त्यामुळे तिचा सगळा खेळ हळू मारण्यावर उभा राहिला. बॉल पॉकेटच्या तोंडाशी येई, जरा थांबल्यासारखा होई आणि आत पडे.

ती सतरा वर्षांची असताना सरकीचे व्यापारी बद्रीनाथशेठ गंमत म्हणून तिच्याशी खेळले आणि तीन वेळा हरले.

"मार्कर, तुझ्या पोरीला चहा आणायला लाव," ते म्हणाले. "हिला टेबलाजवळ येऊ देऊ नको. घरी काय तोंड दाखवू मी?"

"चहा आणते की, शेठ," बेबीनंदा म्हणाली. "साखर किती? तीन चमचे?"

सगळे हसले. शेठही हसले. पुढे तेच तिला सराव करू द्या म्हणून माझ्या यजमानांच्या मागे लागले.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे क्लबाची इंग्रजी पत्रं लिहायला माझ्याकडे येत. इंग्लंडमध्ये बायका व्यावसायिक स्नूकर खेळतात, असं बेबीनंदाने कुठल्याशा मासिकात फोटो पाहून ठरवलं होतं. तिच्या वतीने मी तिकडच्या एका क्लबाला लिहिलं. दोन महिन्यांनी एका बाईचं उत्तर आलं. फी भरली तर बाईला पुरुषांच्या स्पर्धेतही उतरता येतं, पण बायकांच्या स्पर्धांत बक्षीस इतकं थोडं असतं की जवळजवळ सगळ्याच जणी नोकरी करून खेळतात. त्या स्वतः एका बेकरीत कामाला होत्या. मी बेबीनंदाला सगळं वाचून दाखवलं.

"बेकरीत तर मी बी करीन," ती म्हणाली. "पण खेळतात ना?"

"खेळतात."

"मंग झालं."

१९९४ च्या जानेवारीत मुंबईच्या एका जिमखान्यात मुलींची निवड होती. जिंकणारीला इंग्लंडला पाठवणार होते. बेबीनंदा एकोणीस वर्षांची होती. घरी लग्नाचं पाहणं सुरू झालं होतं आणि ही एकच संधी आहे, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मी गेले.

सरावाला दहा मिनिटं मिळाली. मग खेळ सुरू झाला. तिने हळू मारलेला प्रत्येक बॉल मधल्या पॉकेटच्या कडेला लागून बाहेर राहू लागला. दर वेळी त्याच कडेला, काळ्या बॉलच्या बाजूच्या. तिने दोनदा स्टिक बदलली. तीन फ्रेम, म्हणजे तीन डाव झाले, तिन्ही ती हरली. परतीच्या प्रवासात तिने माझ्याकडचं थालीपीठ खाल्लं आणि झोपली.

जालन्याला आल्यावर ती थेट क्लबात गेली आणि टेबलाच्या कापडावरून तळहात फिरवला. स्नूकरच्या कापडाला मखमलीसारखी लव असते. टेबलाच्या एका टोकाला खडूने रेघ आणि अर्धवर्तुळ काढतात, त्याला डी म्हणतात. खेळ तिथून सुरू होतो. लव डीकडून समोरच्या, काळ्या बॉलच्या टोकाकडे झुकलेली असते आणि हळू मारलेला बॉल लवेबरोबर किंचित सरकतो. आमच्या टेबलावर लव उलटी होती, काळ्याकडून डीकडे. बेबीनंदा लहानपणापासून उलटा हिशोब धरून नेम घेत आली होती.

तिने स्टिक वडिलांच्या हातात दिली. खेळाबद्दल ती त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. वर्षभरात तिचं बदनापूरला लग्न झालं. रामकिसन १९९९ मध्ये गेले.

माझे यजमान त्यांच्या दोन वर्षं आधी गेले होते. त्यानंतर मी माझ्या जुन्या डायऱ्या पहिल्यापासून वाचायला घेतल्या. १४ जून १९८३ ची नोंद तेव्हा सापडली. ती वाचून मी डायरी कपाटात ठेवली. तेव्हा रामकिसन होते. त्यांच्याशी बोलले नाही, बेबीनंदाशीही नाही. सात वर्षं गेली. का, ते मला सांगता येत नाही.

२००४ मध्ये क्लबाने ते टेबल औरंगाबादच्या एका स्नूकर पार्लरला विकलं. तोवर बेबीनंदा स्नूकर पार्लरांची कापडं बदलण्याचं काम करू लागली होती. पार्लरात बायका येत नसत. ती सकाळी जाऊन कापड ठोकून यायची. आमच्या टेबलाचं कापड काढायलाही तीच आली. मी डायरी पिशवीत घालून गेले.

ती पकडीने कापडाच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, उपसत होती. "हे बघा बाई, कडेला अजून लव आहे. बाबांशी ते मरेपर्यंत खेळाचं बोलले न्हाई मी ह्याच्यावरून. म्हणलं, इतकी वर्षं मार्कर राहून ह्या माणसाला लव कळंना."

"कळत होती," मी म्हणाले आणि नोंद वाचून दाखवली. नवं कापड ठोकून झालं होतं, लव दाराकडून खिडकीकडे. यजमानांनी डी खिडकीच्या टोकाला काढायला सांगितला, कारण दाराच्या टोकाला पंख्याखाली सभासदांच्या खुर्च्या होत्या आणि डीवर वाकणारा माणूस त्यांच्या अंगावर येई. रामकिसन म्हणाला, लव उलटी पडेल. हे म्हणाले, "इथं कोण चॅम्पियन येणार आहे?" रामकिसन 'बरं, साहेब' म्हणाला.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"बरं साहेब म्हणले?"

"हो."

"दुसरं काय म्हणनार." तिने आणखी दोन चुका उपसल्या. "आता तिकडं इंग्लंडात बी बायांच्या खेळाला पैसा देणारं कोणी ऱ्हायलं न्हाई म्हणं. पार्लरवाले सांगत होते."

"म्हणजे गेली असतीस तरी—"

"तरी गेले असते. तिथं हरले असते, बराबर टेबलावर." ती उठली. "ते पान द्या मला."

"इंग्रजीत आहे. तुला वाचता येणार नाही."

"असू द्या."

मी डायरीचं पान कधी फाडलेलं नाही. ते फाडलं. तिने त्याची घडी करून खडूच्या डबीत ठेवली आणि झाकण लावलं.

"दुसरं टोक धरा, बाई," ती म्हणाली. "न्हाई, खिडकीकडचं."

मी धरलं. कापड जड होतं. आम्ही दोघींनी साडीसारखी त्याची घडी घातली.